प्रश्न शेवटून वाचा: गृहपाठाची उत्तरं लिहायची रीत

गृहपाठाचा प्रश्न आधी शेवटून वाचायचा. 'पुण्यात महाबळेश्वरपेक्षा कमी पाऊस पडतो' हे झालं नुसतं विधान. त्याच्या जोडीला 'भौगोलिक कारण लिहा' आहे, 'चूक की बरोबर ते सांगा' आहे की 'तुमच्या शब्दांत स्पष्ट करा' आहे, यावर वहीत काय उतरायचं ते ठरतं. मुलं विधान वाचतात, पुस्तकात तेच शब्द ज्या परिच्छेदात दिसतील तो परिच्छेद जसाच्या तसा उतरवतात आणि वही मिटतात. बहुतेक गृहपाठ इथेच बिघडतो. उत्तर येत नसतं असं नाही. एका विषयाचं उत्तर दुसऱ्या विषयाच्या साच्यात ओतलेलं असतं. विज्ञानाचं कारण निबंधासारखं, इतिहासाची टीप चरित्रासारखी, आणि गणिताच्या जागी नुसता एक आकडा.

खालची रीत राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाला धरून आहे. साधारण तिसरी ते दहावी, मराठी माध्यम आणि सेमी. संध्याकाळी पोराला घेऊन बसणाऱ्या आई-बाबांना, आजी-आजोबांना आणि धाकट्याचा गृहपाठ गळ्यात पडलेल्या ताई-दादांना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

शेवटचा शब्द काय मागतो

'कारण लिहा' म्हटलं की निदान दोन दुवे हवेत. अमुक झालं म्हणून तमुक झालं, आणि तमुक झालं म्हणून विधानातली गोष्ट घडली. शेवटचं वाक्य फिरून विधानावर आलं पाहिजे. ते आलं नाही तर साखळी मधेच तुटली असं समजा.

'टीप लिहा' म्हणजे कोण, कधी, कुठे, कशासाठी, काय केलं आणि त्यातून पुढे काय झालं. सहा प्रश्न, सहा छोटी वाक्यं. 'स्पष्ट करा'ला उदाहरण लागतंच, त्याशिवाय ती नुसती व्याख्या होते. 'तुमचे मत लिहा'ला बाजू घ्यावी लागते. दोन्हीकडून गोड बोलणारं उत्तर म्हणजे मत नव्हे.

'फरक स्पष्ट करा' हा सगळ्यांत फसवा. पानाच्या मधोमध रेघ ओढली, डावीकडे 'खरीप हंगाम जूनमध्ये सुरू होतो' लिहिलं आणि त्याच्यासमोर 'गहू व हरभरा ही रब्बी पिके आहेत' लिहिलं, तर दोन्ही वाक्यं खरी असूनही फरक एकही लिहिला गेला नाही. यावर सोपा उपाय आहे. समासात पेन्सिलीने आधी मुद्दे लिहून घ्यायचे: काळ, पाणी, पिकं. मग प्रत्येक मुद्द्याला दोन्ही बाजूंनी उत्तर द्यायचं. खरीप पावसाच्या पाण्यावर, रब्बी बहुतांशी जमिनीतल्या ओलाव्यावर व सिंचनावर. खरिपात भात, बाजरी. रब्बीत गहू, हरभरा. पेन्सिल नंतर खोडून टाकली तरी चालते.

किती लिहायचं? गृहपाठात गुण छापलेले नसतात, पण घटक चाचणीत तोच प्रश्न किती गुणांना येतो हे मुलाला ठाऊक असतं, ते विचारा. एका गुणाला एक पूर्ण वाक्य, दोन गुणांना दोन ठसठशीत मुद्दे, तीन गुणांना पाच-सहा ओळी. तीन गुणांसाठी दीड पान लिहिणाऱ्या मुलाचं घरात कौतुक होतं, आणि परीक्षेत त्याचाच पेपर अपुरा राहतो.

आणखी एक. घरात बोलताना आपण 'असं', 'केलं' म्हणतो, वहीत मात्र 'असे', 'केले' लिहायचं. एकाच उत्तरात दोन्हींची सरमिसळ झाली की बाई लाल गोल करतात, आणि मुलाला आपलं काय चुकलं तेच कळत नाही.

गणित: आकडा नव्हे, वाट

शाब्दिक उदाहरण घेऊ. 'एका आयताकृती बागेची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ मीटरने कमी आहे. बागेची परिमिती ५४ मीटर असल्यास लांबी व रुंदी काढा.' पेन्सिल उचलायच्या आधी प्रश्नातल्या प्रत्येक वाक्याचं एकेक गणिती वाक्य करायचं. वहीत ते असं दिसावं (पुस्तकात 'क्ष'च्या जागी इंग्रजी अक्षर असतं, मुलाने तेच घ्यावं):

समजा, बागेची रुंदी = क्ष मीटर
म्हणून लांबी = (२क्ष − ३) मीटर
आयताची परिमिती = २ × (लांबी + रुंदी)
दिलेल्या माहितीनुसार, २ × (२क्ष − ३ + क्ष) = ५४
३क्ष − ३ = २७
३क्ष = ३०
क्ष = १०
लांबी = २ × १० − ३ = १७
उत्तर: बागेची लांबी १७ मीटर व रुंदी १० मीटर आहे.
ताळा: २ × (१७ + १०) = ५४

यात मुलं तीन ठिकाणी अडखळतात. 'दुपटीपेक्षा ३ ने कमी' याचं ती '३ − २क्ष' करतात, कारण मनात ३ ने सुरुवात झालेली असते. त्यांना साधे आकडे देऊन विचारा: '२० पेक्षा ३ ने कमी किती?' सतरा म्हणताच कशातून काय वजा झालं ते आपोआप दिसतं. दुसरी चूक परिमितीतला २ विसरण्याची. मग क्ष = १९ येतो, लांबी ३५ येते, आणि पोर खूश होऊन पुढच्या उदाहरणाकडे वळतं. ताळा केला असता तर १०८ आले असते आणि चूक तिथेच सापडली असती. तिसरी चूक म्हणजे 'क्ष = १०' वर थांबणं. प्रश्नात क्ष कुणीच मागितला नव्हता.

बरोबरचं चिन्ह हे 'पुढे काय' म्हणून वापरायची सवयही मोडा. '५ + ३ = ८ × २ = १६' असं लिहिलं की पाच अधिक तीन बरोबर सोळा असा त्याचा अर्थ होतो. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर, बरोबरचं चिन्ह एकाखाली एक.

लहान वर्गांतला खरा घोळ मोठ्यांमुळे होतो. ५२ − २७ करताना आजोबा हातचा खाली देतात: 'बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन.' शाळेत शिकवतात ते वरचा दशक सुटा करून: पाचाचे चार दशक राहिले, चारातून दोन गेले दोन. दोन्ही रीती बरोबर, उत्तर २५ च. पण मूल शाळेतलं ऐकून ५ चे ४ करतं आणि घरचं ऐकून २ चे ३ करतं, मग चारातून तीन जाऊन उत्तर येतं १५. अशी बरोबर दहाने कमी येणारी वजाबाकी दिसली की मुलावर ओरडू नका, दोन रीती मिसळल्या आहेत. वर्गात जी शिकवली तीच घरी ठेवायची. संख्यावाचनाचंही तसंच. मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून दुसरीतली मुलं २७ च्या जागी ७२ लिहितात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशा वाचनाची जोड आली तेव्हा बराच गदारोळ झाला होता, पण अडचण खरी होती. आकडा लिहिण्याआधी 'दशक किती?' एवढं विचारलं तरी बहुतेकांची उलटापालट थांबते.

भूमितीत पक्ष (दिलेली माहिती), साध्य (सिद्ध करायचं ते), लागली तर रचना, आणि मग सिद्धता, या क्रमाला पर्याय नाही. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण हवं. 'आकृतीत तसं दिसतंय' हे कारण होत नाही. हे मुलाला पटवायचं तर आकृती मुद्दाम वाकडी काढून दाखवा; सिद्धता तरीही चालते.

विज्ञान: साखळीतला दुवा गाळू नका

'मातीच्या माठात पाणी थंड राहते. शास्त्रीय कारण लिहा.' यावर हमखास येणारं उत्तर: 'कारण माठाला छिद्रे असतात.' बरं, असतात; मग? छिद्रांतून पाणी बाहेर येतं, पण बाहेर आल्याने आतलं पाणी गार का व्हावं, हा दुवा गळलेला असतो. पूर्ण उत्तर असं:

'माठ सच्छिद्र मातीचा असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येते. तेथे त्याचे बाष्पीभवन होते. बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता माठ व त्यातील पाणी यांच्याकडून घेतली जाते. त्यामुळे पाण्याचे तापमान कमी होते, म्हणून माठातील पाणी थंड राहते.'

मुलाला कळलंय की पाठ झालंय हे ताडायला दोन उपप्रश्न पुरतात. एप्रिलमध्ये पुण्यातला माठ जितकं पाणी गार करतो तितकं मुंबईतला का करत नाही? मुंबईची हवा दमट, तिच्यात आधीच बाष्प भरपूर, त्यामुळे बाष्पीभवन सावकाश होतं. पुण्याचा उन्हाळा कोरडा, म्हणून माठ आपलं काम चोख करतो; जुलैत पुण्यातही त्याचा जोर कमी होतो. आणि माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर? छिद्रं बुजतात, खेळ खलास. ही दोन उत्तरं मुलाने स्वतःहून दिली तर वहीतलं उत्तर खुशाल आपल्या शब्दांत लिहू द्या.

कुकरचा प्रश्नही असाच. 'दाब वाढतो म्हणून अन्न लवकर शिजते' हे अर्धंच उत्तर. दाब वाढतो, त्यामुळे पाण्याचा उत्कलनांक वाढतो, पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, म्हणून अन्न लवकर शिजतं. (पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे उघड्या पातेल्यातलं पाणी जवळपास ९८ अंशांनाच उकळतं. वहीत लिहायची गरज नाही, पण वरणाचं पातेलं गॅसवर असताना सांगायला छान.)

आकडेमोडीच्या प्रश्नांत पाच ओळी ठरलेल्या: दिलेले, काढायचे, सूत्र, किमती, एककासह उत्तर. गुण जातात ते एककांत. 'ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी बस ब्रेक लावल्यावर ५ सेकंदांत थांबते, तर त्वरण किती?' ३६ ला थेट ५ ने भागून वजा ७.२ लिहिलेल्या वह्या ढिगाने मिळतील. तास आणि सेकंद एकाच गणितात नांदत नाहीत. आधी ३६ ला ५/१८ ने गुणा, म्हणजे १० मीटर प्रति सेकंद. मग (० − १०) ÷ ५ = −२ मीटर प्रति सेकंद वर्ग. ऋण चिन्ह का आलं तेही एका ओळीत लिहावं: बसचा वेग कमी होत आहे.

आकृती पेन्सिलीने, निदान अर्ध्या पानाची, नावं शक्यतो एकाच बाजूला, दर्शक रेषा पट्टीने आणि एकमेकींना न छेदणाऱ्या. खाली आकृतीचं नाव. रंग भरायचा मोह आवरा, शिक्षक तो मागत नाहीत.

सेमीच्या मुलांची वेगळीच कुचंबणा होते. घरी 'वजन' म्हणतात, पुस्तकात 'मास' आणि 'वेट' दोन्ही येतात. मास म्हणजे वस्तुमान, किलोग्रॅममध्ये. वेट म्हणजे वजन, ते बल आहे म्हणून न्यूटनमध्ये. किराणावाल्याकडचं 'वजन' हे विज्ञानाच्या भाषेत वस्तुमान. समजावणं मराठीत, लिहिणं इंग्रजीत, हा सेमीचा एकमेव धोपटमार्ग.

भूगोल

आता पावसाचा प्रश्न. 'पुणे समुद्रापासून लांब आहे म्हणून कमी पाऊस' हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण टिकत नाही. नागपूर समुद्रापासून कितीतरी लांब आहे, आणि तिथे पुण्यापेक्षा जास्त पाऊस पडतो. खरं कारण सह्याद्री. उत्तरात क्रम असा हवा: अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीमुळे अडतात, वर चढताना हवा थंड होते, सांद्रीभवन होऊन पश्चिम उतारावर व घाटमाथ्यावर जोरदार पाऊस पडतो, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५०० सेंटिमीटरहून अधिक, घाट ओलांडून हवा पूर्वेला खाली उतरते तेव्हा ती गरम होते, तिची बाष्प धारण करण्याची क्षमता वाढते आणि पाऊस कमी होतो, पुणे या पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्याने इथे सुमारे ७० सेंटिमीटरच पाऊस पडतो. 'पर्जन्यछाया' हा शब्द आला नाही तर एक गुण गेला म्हणून समजा.

रेखावृत्त आणि वेळेचं गणित हा भूगोलातला गणिताचा तुकडा, आणि इथे वजाबाकी पुन्हा दगा देते. पुण्याचं रेखावृत्त सुमारे ७३ अंश ५१ मिनिटे पूर्व, भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरची. फरक काढताना मुलं ८२.३० मधून ७३.५१ वजा करून ८.७९ लिहितात. अंशाची मिनिटं शंभर नसतात, साठ असतात. ३० मधून ५१ जात नाहीत म्हणून एक अंश सुटा करायचा: ८१ अंश ९० मिनिटे वजा ७३ अंश ५१ मिनिटे, उत्तर ८ अंश ३९ मिनिटे. एका अंशाला ४ मिनिटे वेळ, म्हणून ८ अंशांची ३२ मिनिटे. कोनाच्या एका मिनिटाला ४ सेकंद, म्हणून ३९ ची १५६ सेकंद, म्हणजे २ मिनिटे ३६ सेकंद. एकूण ३४ मिनिटे ३६ सेकंद. पुणे पश्चिमेला, म्हणून इथली स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे. पूर्वेला मिळवा, पश्चिमेला वजा करा. हे विसरणाऱ्याला इतकंच विचारा: सूर्य आधी कुणाला दिसतो, कोलकात्याला की पुण्याला?

पटत नसेल तर गच्चीत काठी रोवा. सावली बाराला सर्वांत आखूड होत नाही, साडेबाराच्या आसपास होते. वर्षभरात ही वेळ पाव तास इकडेतिकडे सरकते, त्यामुळे बरोबर १२:३५ चा हट्ट धरू नका.

नकाशा भरताना सूची आधी करा, रंग नंतर. नदीचं नाव नदीच्या वळणाला धरून लिहायचं, आडवं नाही.

इतिहास: कारण, निमित्त आणि परिणाम

या तिघांची गल्लत झाली की उत्तर वाचायला बरं आणि गुणांना पोकळ होतं. पुण्यातलंच उदाहरण घ्या. 'चापेकर बंधूंनी रँडची हत्या केली. कारण लिहा.' १८९७ च्या प्लेगमध्ये रोग आटोक्यात आणण्यासाठी प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली सैनिकांकरवी घराघरांची झडती घेतली गेली, लोकांवर जुलूम झाला, त्यातून असंतोष वाढला. हे कारण. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड परतत होता, ती संधी साधून गणेशखिंडीत त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हे निमित्त. चापेकर बंधूंना फाशी, आणि त्याच काळात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची सक्तमजुरी. हे परिणाम. प्रश्न कारणाचा असेल तर निमित्ताला एक ओळ, परिणामाला शून्य. मुलं नेमकी उलट करतात, कारण गोळ्या झाडण्याचा भाग रंजक असतो.

टिपेचा नमुना म्हणून सत्यशोधक समाज:

'महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ईश्वर व माणूस यांच्यात मध्यस्थाची गरज नाही, ही समाजाची भूमिका होती. जातिभेद व पुरोहितशाहीला समाजाने विरोध केला. पुरोहिताशिवाय, कमी खर्चात विवाह लावण्याची पद्धत सुरू केली. बहुजन समाजात शिक्षणाचा प्रसार करण्यावर भर दिला. 'दीनबंधू' या वृत्तपत्रातून समाजाचे विचार लोकांपर्यंत पोहोचले.'

इथे ठरलेली चूक म्हणजे टीप समाजावर मागितलेली असताना फुल्यांचं चरित्र लिहिणं: जन्म १८२७, भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा, सावित्रीबाईंची साथ. सगळं खरं, सगळं महत्त्वाचं, पण या टिपेत अस्थानी. दुसरी चूक, मुंबईत १८६७ साली निघालेल्या प्रार्थना समाजाचे मुद्दे यात मिसळणं. तारीख नीट आठवत नसेल तर नुसतं साल लिहावं. चुकीच्या तारखेपेक्षा बरोबर साल बरं. गंज पेठेतला फुले वाडा आणि गणेशखिंड रस्ता बसच्या अंतरावर आहेत. एक रविवार तिकडे गेला तर ही दोन्ही उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

मराठी

व्याकरणात सगळ्यांत जास्त घाम फोडतो तो प्रयोग. 'कर्त्याला ने लागला की कर्मणी' ही घोकलेली खूण मोडीत काढा, ती 'मी पुस्तक वाचले' इथे फसते. मीला 'ने' दिसत नाही, म्हणून मूल कर्तरी लिहितं. खरी कसोटी बदलाची. आधी कर्ता बदलून पाहा: 'मी पुस्तक वाचले', 'सायलीने पुस्तक वाचले', 'मुलांनी पुस्तक वाचले'. क्रियापद हललं नाही. आता कर्म बदला: 'मी कविता वाचली', 'मी लेख वाचला'. क्रियापद लगेच हललं. क्रियापद कर्माच्या लिंगावचनावर नाचतं, म्हणून कर्मणी. 'सायली पुस्तक वाचते' चं 'मुले पुस्तक वाचतात' झालं, कर्त्यावर हललं, कर्तरी. आणि 'आईने मुलाला समजावले' मध्ये आईच्या जागी बाबा आणा, मुलाच्या जागी मुलीला आणा, 'समजावले' ढिम्म. तो भावे. उत्तर लिहिण्याआधी ही बदललेली वाक्यं कच्च्या वहीत खरोखर लिहायची. तोंडातल्या तोंडात केलं की कान फसवतो.

शुद्धलेखनात दोन नियमांनी बरीचशी लाल शाई वाचते. शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ: पाणी, वाटी, लाडू, 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' यांसारखे मोजके शब्द सोडून. आणि मूळ शब्दातला दीर्घ इकार-उकार प्रत्यय लागताना सहसा ऱ्हस्व होतो: फूल पण फुलाचा, मूल पण मुलाला, पूल पण लकडी पुलावर.

कवितेच्या रसग्रहणात कवितेचा अर्थ दोन-तीन ओळींत आटोपता घ्या. आशय, मग काव्यसौंदर्य, मग भाषेची वैशिष्ट्यं, हे तिन्ही यायला हवेत आणि प्रत्येक म्हणण्यामागे कवितेतला एखादा शब्द किंवा ओळ हवी. 'ही कविता मला खूप आवडली' या वाक्याला गुण नाहीत. का आवडली, त्याला आहेत.

हिंदी आणि इंग्रजी

हिंदीत मराठी मुलांना लिंग आणि वेलांट्या नडतात. 'आवाज' मराठीत तो, हिंदीत ती. 'पुस्तक' मराठीत ते, हिंदीत ती. मराठीत 'शक्ती', 'कवी' दीर्घ, हिंदीत 'शक्ति', 'कवि' ऱ्हस्व. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, आपल्याकडे छड्या.

इंग्रजीत उताऱ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच अर्धं असतं. 'व्हाय डिड द बॉय गो होम?' यातला 'व्हाय' काढा, 'डिड' आणि 'गो' एकत्र करून 'वेंट' करा, 'द बॉय वेंट होम बिकॉज' इतकं लिहून झालं. पुढचा तुकडा उताऱ्यातून. 'डिड' तसाच ठेवून 'डिड वेंट' लिहिणं ही सातवीपर्यंतची सार्वत्रिक चूक.

गाईड आणि फोन

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून, म्हणजे पुस्तकांच्या बाजारातून, जूनमध्येच गाईड आलेलं असतं, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. क्रम तेवढा पाळा. आधी पाठ, मग कच्च्या वहीत स्वतःचं उत्तर, मग गाईड. राहून गेलेला मुद्दा पेन्सिलीने घालायचा आणि मगच फेअर वहीत लिहायचं. फोनवर शोधलेल्या किंवा एआयकडून घेतलेल्या उत्तरात परिभाषा तपासा. पुस्तकात 'अप्रकट उष्मा' असेल आणि वहीत 'सुप्त उष्णता' आली, तर अर्थ तोच असूनही मुलाला वर्गात ते उत्तर ओळखीचं वाटणार नाही. आकड्यांचा ताळा आपणच करायचा. पुस्तक शाळेत राहिलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, आणि प्रकल्पासाठी जास्तीची माहिती हवी असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. त्यातली नोंद मात्र मुलाने वाचून, पुस्तक मिटून, चार ओळींत लिहावी.

आणि अर्धा-पाऊण तास झटूनही एखादा प्रश्न सुटलाच नाही तर तो बाबांच्या अक्षरात सुटलेला दिसू नये. वहीत प्रश्न लिहायचा, जमल्या तेवढ्या पायऱ्या लिहायच्या, खाली पेन्सिलीने 'इथपर्यंत आले, पुढे परिमितीचे सूत्र कुठे वापरायचे ते कळले नाही' असं नेमकं लिहायचं, आणि उरलेल्या उत्तरासाठी सहा ओळी कोऱ्या सोडायच्या.